तिसरा खण

१

मला त्या कामाला जायचंच नव्हतं. एकतर एप्रिल महिना, आणि दुसरं म्हणजे माझा उजवा खांदा. एकतीस वर्षं मी शहापूरहून मुंबईच्या विमानतळावर जाऊन-येऊन विमानं दुरुस्त केली. निवृत्त झालो तेव्हा सोबत काय आलं, तर खांद्याची कळ आणि डाव्या कानातलं कायमचं बारीक गुणगुणणं. लायसन मात्र चालू ठेवलं होतं. जुनं विमान विकत घेण्याआधी ते कुणाकडून तरी तपासून घ्यावं लागतं, तशी दोन-तीन कामं वर्षाकाठी यायची. तेवढी मला पुष्कळ होती.

भावेशचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेक घेत बसलो होतो. भावेश मुरबाडचा. भाताची गिरण, हार्डवेअरचं दुकान, आणि हल्ली पाण्याकाठी बांधलेलं रिसॉर्ट.

"काका, एकाच इंजिनाचं छोटं विमान आहे. पाण्यावर पण उतरतं, जमिनीवर पण. एका कंपनीनं पर्यटकांसाठी आणलं होतं, जमलं नाही त्यांचं. चार वर्षं डोळखांबच्या पुढे शेडमध्ये उभंय. तुम्ही बघून सांगा, घेऊ का नको."

"नको घेऊस."

"अहो, बघितलंसुद्धा नाही तुम्ही!"

"जुनं आहे, आणि पाण्यावरचं आहे. एवढं पुरे."

तो हसला. मग आवाज खाली आणत म्हणाला, "पप्पांना एकदा वरून मुरबाड दाखवायचंय, काका. ब्याऐंशी पूर्ण झाले त्यांना. पाय गेलेत. पुढच्या वर्षीचं मी नाही सांगू शकत."

आतून पौर्णिमानं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकलं होतं. मी फोन ठेवल्यावर तिनं फक्त विचारलं, "डबा किती वाजता लागेल?"

२

डोळखांबला जीपमधून उतरून पुढे वीस मिनिटं चालावं लागे. धरणाच्या पाण्याचा एक फाटा दोन टेकड्यांमधून आत आलेला. त्याच्या काठाला सिमेंटचा उतार, उताराच्या माथ्यावर पत्र्याची शेड. चार वर्षांपूर्वी ते विमान पाण्यावर उतरलं, चाकं बाहेर काढून उतारावरून शेडमध्ये चढलं, आणि पुन्हा खाली गेलं नाही.

शेडची किल्ली बुधीबाईकडे होती. साठीची, काटक, वरच्या पाड्यावरची. दोन्ही मुलगे सुना-पोरांसकट वीटभट्टीवर गेलेले, पाड्यावर ती एकटीच. कंपनीनं तिला राखणीला ठेवलं होतं.

विमान पाहून मला बरं वाटलं, हे खोटं का सांगू? पांढरं, पंख वर, नाकावर धूळ. चाकांवर उभी असतात तशी विमानं मी हजारो पाहिली. हे मात्र दोन लांबट ॲल्युमिनियमच्या होड्यांवर उभं होतं. त्यांना फ्लोट म्हणतात. पाण्यावर उतरायचं तर चाकं फ्लोटच्या पोटात जातात, जमिनीवर उतरायचं तर बाहेर येतात.

प्रत्येक फ्लोट आतून पाच खणांचा असतो. एक खण फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. प्रत्येक खणाला वर एक छोटं भोक, त्यात रबरी बूच. उडण्याआधी बूच काढायचं, मोठ्या पिचकारीसारखा हातपंप लावायचा आणि आत झिरपलेलं पाणी हापसून काढायचं. किती वेळा हापसलं ते मोजायचं, म्हणजे कुठला खण गळतोय ते कळतं. एवढंच. यात अवघड काही नाही.

कोरड्या शेडमध्ये चार वर्षं उभ्या असलेल्या फ्लोटमधून काय निघणार? उजव्याचे पाचही खण कोरडे निघाले. डाव्याचा पहिला, दुसरा कोरडा.

तिसऱ्यात पंप लावून दट्ट्या ओढला आणि माझ्या हातावर पाणी आलं. गार. माठातल्यासारखं गार, आणि स्वच्छ. त्रेचाळीस वेळा हापसलं तेव्हा हवा आली.

छत गळत असेल, मी मनात म्हटलं. बूच लावलं, वहीत त्रेचाळीस लिहिलं आणि इंजिनाकडे वळलो.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्रेचाळीस.

मी शिडी लावून छत पाहिलं. पत्रा धड होता, आणि पाऊस जाऊन सहा महिने झाले होते. मग खाली वाकलो तेव्हा आदल्या दिवशी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. जमिनीच्या कोब्यात कुणीतरी छिन्नीनं एक पन्हळ कोरली होती, चार बोटं रुंद. डाव्या फ्लोटच्या मधोमध सुरू होऊन दाराबाहेर गेलेली. तिच्यात शेवाळ होतं. दाराबाहेर, सगळा डोंगर करपून गेलेला असताना, कमरेएवढं अळू माजलं होतं.

बुधीबाई दारातच बसली होती.

"बाई, हे पाणी कुठलं?"

"तिथलंच."

"तिथलंच म्हणजे? कोण ओततं?"

"वतत कोणी नाय. मी हापसतेय नं. सकाळचं न् सांजचं. कंपनीचा माणूस दाखवून गेल्ता. आता तुमी आलात, म्हणून मी दोन दिस हात नाय लावला."

"चार वर्षं रोज हापसताय?"

"पावसात, थंडीत, रोज." तिनं आपला उजवा खांदा चोळला. मी माझा चोळत होतो तसाच. "दादा, एक करा. हापसून झालं का पंप लगेच काढा. तिथं कान देऊन बसू नका."

"का?"

ती उठली, लुगडं झटकलं. "मला गुरं बघायचीत," म्हणाली आणि गेली.

४

तिनं तसं सांगितलं नसतं तर मी कान दिलाही नसता.

तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस झाले, मी थांबलो आणि पंप तसाच भोकात राहू दिला. दट्ट्या माझ्या मुठीत स्थिर होता. तरी खालून आवाज आला. घुडुक, आणि मग लांबलेलं स्स्स. पंप मारल्याचा आवाज. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

नळीत अडकलेली हवा असणार. धातूच्या पेटीत आवाज घुमतो, उशिरा परत येतो. शिवाय माझे कान. मी पंप काढला, भाकरी खाल्ली, पाणी प्यायलो, आणि पुन्हा बसलो. तेवढ्यात खण पुन्हा भरायला लागला होता. आता मुद्दाम सतरावर थांबलो.

घुडुक, स्स्स. घुडुक, स्स्स.

माझं हापसणं आणि मागून येणारा तो आवाज, दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. कानांवर भरवसा नाही, म्हणून. घरी आल्यावर पौर्णिमाला काही न सांगता ते ऐकवलं. ती पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. वर्गात पाठमोरी असताना कोण बोललं ते तिला कळायचं. भाजी निवडता निवडता तिनं ऐकलं.

"पंप मारताय."

"हं. अजून?"

"अजून काय? दोघंजण मारताय ना? एकाचा हात जड आहे, तो तुम्ही. दुसऱ्याचा हलका आहे." ती पुन्हा ऐकायला वाकली. "कोण आहे हो तो? त्याला थोडं बसायला तरी सांगायचं. किती दमलाय."

मी मोबाइल उलटा ठेवला. "आहे तिथला एक," म्हणालो.

५

चौथ्या दिवशी मी घरातला ओळंबा पिशवीत टाकला. घर बांधताना गवंड्यासाठी आणलेला, पितळी, तीस फूट दोरीचा. का घेतला ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. तपासणीत खणाची खोली मोजायची नसते. ती कागदावर लिहिलेलीच असते: बावीस इंच.

त्या खणावर ताटाएवढं झाकण होतं, बारा स्क्रूंचं. मी ते उघडलं. उन्हाची तिरीप दारातून आत येत होती, बाहेर कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता. सगळं दिवसाढवळ्याचं. झाकणाखाली हातभर अंतरावर पाणी होतं, काळं आणि स्थिर. मी ओळंबा सोडला.

बावीस इंचांवर तो टेकायला हवा होता. टेकला नाही. मी दोरी सोडत गेलो. पाच फूट, दहा फूट. फ्लोट माझ्या गुडघ्याएवढा उंच होता, आणि माझ्या हातातून दोरी जातच होती. शेवटची गाठ हाताला लागली तेव्हा दोरी अजून ताठ होती.

दोरीचं टोक मी पंखाच्या टेकूला बांधलं आणि जमिनीवर आडवा होऊन फ्लोटच्या खाली सरकलो. वय एकोणसाठ, खांदा ठणकतोय, पाठीला कोबा टोचतोय, आणि मी हातानं फ्लोटचं बूड चाचपतोय. बूड होतं. घट्ट, कोरडं, रिव्हेट जागच्या जागी. ओळंबा तोंडापासून तीस फूट खाली लोंबत होता आणि माझा तळवा त्याच तोंडाखाली दोन फुटांवर होता. तळव्याला काहीतरी जाणवत होतं. ठोका, विसावा. ठोका, विसावा. हापसणं.

मी बाहेर आलो आणि दोरी ओढायला लागलो. दोरी ओली होती, पाणी गळत होतं. ओळंबा वर आला तो मात्र कोरडा होता. नुसता कोरडा नव्हे. त्याच्यावरचा जुना चुन्याचा थर निघालेला होता आणि पितळ चमकत होतं.

खाली कुणीतरी तो हातात घेतला होता. पुसला होता. आणि माझा मला परत दिला होता.

६

मग मी टॉर्च लावून आत पाहिलं.

काय पाहिलं ते मी थोडक्यातच सांगणार आहे, कारण मी पाहिलंही थोडंच. टॉर्चचा उजेड पाण्यात खाली खाली गेला आणि खूप खोलवर एका फिकट उजेडाला मिळाला. आधी वाटलं, माझाच टॉर्च उलटून दिसतोय. मग त्या उजेडात एक हात दिसला. कोपरापर्यंत भिजलेला, काडीसारखा, वरखाली होणारा. वर जाताना थरथरायचा. खाली येताना पडायचा.

पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. त्याच्यामागे आणखी माणसं उभी होती, एकामागे एक, तीही छातीभर पाण्यात. कुणी हलत नव्हतं, ओरडत नव्हतं. रेशनच्या रांगेत थांबावं तशी आपापल्या पाळीसाठी थांबली होती.

तो हात मध्येच थांबला. त्यानं पंपाचा दांडा मागच्याच्या हातात दिला आणि चेहरा वर करायला लागला.

मी झाकण टाकलं. बाराही स्क्रू बसवले. एवढ्या वेळात मला एकच साधा हिशेब सुचत होता, आणि तो मला नको होता. ते खालून पाणी आमच्याकडे फेकत होते. आम्ही ते बाहेर काढत होतो म्हणून त्यांना फेकायला जागा होत होती. बुधीबाई सकाळ-संध्याकाळ हापसत होती म्हणून त्यांचं पाणी छातीशी थांबलं होतं.

७

घरी जायच्या आधीच मी भावेशला फोन लावला.

"घेऊ नकोस विमान."

"का? इंजिनाचा रिपोर्ट तर तुम्हीच कालपर्यंत चांगला सांगत होतात."

"डाव्या फ्लोटचा तिसरा खण. पाणी येतं."

"काका, ते जमिनीवर उभंय. पाणी येतं म्हणजे कुठून येतं?"

एकतीस वर्षं ज्यानं प्रत्येक बिघाडाचं कारण लिहून सही केली, त्याला एक वाक्य जमेना. "आतून," मी म्हणालो.

भावेश फार मायेनं बोलला, आणि तेच वाईट झालं. "तुम्ही थकलात, काका. उन्हात रोज जा-ये. उद्या मी येतो. थंड गोदामाच्या भिंतीत भरतात तो फोम आहे आपल्याकडे. खण पूर्ण भरून टाकू. पाण्याला जागाच नाही राहिली तर पाणी येईल कुठून?"

"असं करत नाहीत. चालत नाही ते."

"एका खणानं काय बिघडतं? उरलेले नऊ आहेत ना?"

त्या रात्री पौर्णिमानं खांद्याला तेल लावून दिलं. मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मला झोप हवी होती.

८

सकाळी कच्च्या वाटेनं थेट शेडपर्यंत दोन गाड्या आल्या. एकीत दोन कामगार, फोमचे डबे, जनरेटर. दुसरीत भावेश आणि त्याचे पप्पा. पप्पांना उचलून शेडच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. बारीक, पांढराशुभ्र माणूस. बासष्ट साली कापडाचं गाठोडं घेऊन मुरबाडला आलेला. त्यांनी हात लांब करून फ्लोटच्या चाकाला लावला आणि माझ्याकडे बघून हसले.

"सदानंदभाऊ, आपला बाजार वरून दिसेल ना?"

"दिसेल," मी म्हणालो.

"ती मारुतीची गल्ली? तिथं माझं पहिलं दुकान होतं."

"तीही दिसेल."

भावेशनं विचारलं, "झाकण उघडताय ना काका?"

मी नाही म्हणू शकलो असतो. वाटेत उभा राहू शकलो असतो. त्या म्हाताऱ्याला, भावेशला, कामगारांना ओढून त्या भोकाशी आणून म्हणू शकलो असतो, बघा. पुष्कळदा विचार केला त्यावर. खरं कारण एवढंच आहे, की मी दमलो होतो. भांडायला, समजवायला, वेडा ठरायला अंगात जोर लागतो. माझ्यात तो नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बारा स्क्रू काढले.

"आधी पाणी काढून घ्या," कामगार म्हणाला. मी त्रेचाळीस वेळा हापसलं. जनरेटर सुरू होता, त्यामुळे दुसरं काही ऐकू आलं नाही. मी वाकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी नळी आत सोडली. पिवळट फोम फसफसत फुगायला लागला.

"माल लय खातोय, शेट," कामगार म्हणाला. "या खणाला दोन डबे बास व्हायला पायजे होते. हा पाचवा."

पाचव्यानंतर फोम तोंडाशी आला, कडेच्या वर फुगला, थांबला. कडक व्हायला अर्धा तास, असं त्यांनी सांगितलं. जनरेटर बंद झाला. सगळे चहा प्यायला पाण्याकाठी गेले.

मी फ्लोटवर हात ठेवून उभा राहिलो. ठोका, विसावा. ठोका, विसावा. मग विसावा कमी झाला. मग ठोके भराभर पडायला लागले, एका हाताचे नाहीत, पुष्कळ हातांचे, वेळ चुकवून, एकावर एक. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग ते विरळ झाले. मग माझ्या तळव्याला फक्त धातू लागला, उन्हानं तापलेला.

मान वळवली तर बुधीबाई फ्लोटच्या पलीकडून हात ठेवून उभी होती.

"तुमी आत बघितलं नं?" तिनं विचारलं.

मी फ्लोटवरचा हात काढून घेतला.

"मी कदी बघितलं नाय. चार वर्सांत एकदाबी नाय. बघितलं असतं तं मला रोज हापसाया झालं नसतं." तिनं कमरेची किल्ली काढून फ्लोटवर ठेवली. "पन तुमी बघून बी..." बोलणं अर्धंच टाकून ती अळूच्या कडेकडेनं पाड्याची वाट चढून गेली. नंतर ती मला कुठे दिसली नाही. मुलांकडे भट्टीवर गेली, असं कुणीतरी सांगितलं.

चहा संपवून भावेश आला. मी शेजारच्या खणात पंप लावून दाखवला. कोरडा.

"बघा!" तो म्हणाला.

मी रिपोर्टवर लिहिलं: डावा फ्लोट, तिसरा खण, गळतीचा बंदोबस्त केला. खाली सही केली. माझी सही नेहमीसारखीच आली.

९

विमान जून लागायच्या आत मुरबाडकडच्या पाण्यावर आलं. परवानग्या भावेशनं कशा मिळवल्या ते मला ठाऊक नाही. पप्पांना वर नेलं. बाजार दिसला, गल्ली दिसली. खाली उतरल्यावर ते रडले, असं भावेशनं फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता तोही रडला. मी म्हणालो, छान झालं. छान झालंच होतं. कुणाला काही झालं नाही. वाईट व्हायला हवं होतं असं मला अधूनमधून वाटायचं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटायची.

दिवाळीनंतर त्याचा पुन्हा फोन आला. "काका, पायलट म्हणतो डावी बाजू पाण्यात जरा खोल बसते. फोमनं पाणी धरलं असेल का?"

मी गेलो. विमान काठावर घेऊन दोन्ही बाजू काट्यावर चढवल्या. डावी बाजू उजवीपेक्षा दोनशे ऐंशी किलो जड. बंद छिद्रांचा फोम कितीही भिजला तरी एवढं पाणी धरत नाही. भावेश म्हणाला, काटा खराब असेल. काटा मी तीनदा तपासला. मग मनात नको असताना भागाकार झाला. हडकुळी माणसं धरली तर सहा.

"फोम काढून टाकतो," मी म्हणालो.

दुपारभर मी एकटा काढत होतो. वरचे तुकडे सुरीनं निघाले. शेवटची लादी एक हात जाड, ती कडेनं मोकळी करून दोन्ही हातांनी उचलली. वजनाला काहीच नव्हती. खाली खण होता. बावीस इंच, ॲल्युमिनियमचं बूड, रिव्हेटच्या दोन रांगा. कोरडा ठणठणीत. मी बोटानं बूड ठोकून पाहिलं. साधा, पोकळ आवाज आला.

पुन्हा काट्यावर चढवलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. ते वजन कुठे गेलं, हे मी शोधलं नाही.

भावेश आला, खुशीत. लादी उचलून त्यानं सहज उलटी केली आणि तसाच थांबला.

फोमच्या खालच्या अंगाला पंजे उमटले होते. बोटं फाकलेली, तळवे खोल रुतलेले. फोम ओला असताना कुणी जीव खाऊन वर रेटावं, तसे.

"हे... कामगारांचे असतील," भावेश म्हणाला.

"कामगार वरच्या बाजूला होते."

तो लादीकडे बघत राहिला. मग ती त्यानं हलकेच खाली ठेवली, नळावर गेला आणि हात धुवायला लागला. पुष्कळ वेळ धूत होता. त्यानंतर त्यानं मला कधी त्या विमानासाठी बोलावलं नाही, आणि मीही लायसन पुन्हा चालू करून घेतलं नाही.

संध्याकाळी एसटीनं घरी आलो. जेवताना पौर्णिमाला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. ताटातला भात तसाच ठेवून ती बसून राहिली. शेवटी तिनं विचारलं,

"किती ठसे होते?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

अकरा होते. दहा पंजे, आणि कडेला एक मूठ.